देवळालीचा आकडा, चांदवडचा वर्ग

चांदवडला श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम ही शिक्षणसंस्था उभी राहिली १९२८ साली. हाच आकडा घ्या. त्यातले अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९८२१, चढत्या क्रमाने १२८९. वजाबाकी ८५३२. पुन्हा तेच: ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता ६१७४ वर हीच क्रिया करा. ७६४१ वजा १४६७, परत ६१७४! चारही अंक सारखे नसले, तर कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येऊन थांबते.

हे शोधून काढलं नाशिक जिल्ह्यातल्या देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी मिळाली आणि १९३० ते १९६२ ते देवळालीत शिकवत राहिले. पुढची पदवी नाही, कुठल्या संशोधन संस्थेत जागा नाही. ६१७४ ची गोष्ट त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. जगभर नाव झालं ते १९७५ साली, मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं संगणकयंत्र 'टिफ्रॅक' १९६० साली चालू झालं, तेव्हा कापरेकरांच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. त्यांचं सगळं काम कागद-पेन्सिलीवरचं.

देवळालीहून मुंबई-आग्रा रस्त्याने चांदवड दीड-दोन तासांचं. वडनेरभैरव, वडाळीभोई, दुगाव, काजीसांगवी या गावांतल्या मुलांना पदवीचं शिक्षण तालुक्याच्या गावी, चांदवडला, घेता येतं. तिथलं आबड-लोढा-जैन महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न, तेव्हा अभ्यासक्रम विद्यापीठाचा. २०१९ च्या पॅटर्नमध्ये बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला सी भाषा, डेटाबेस, मॅट्रिक्स अल्जिब्रा, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आणि ग्राफ थिअरी होती. गणित मुख्य विषय घेणाऱ्यांना एफ.वाय.ला अल्जिब्रा, कॅल्क्युलस आणि अ‍ॅनालिटिकल जॉमेट्री, टी.वाय.ला रिअल अ‍ॅनालिसिस आणि ग्रुप थिअरीबरोबर पायथॉनही. आता नव्या शैक्षणिक धोरणाने चौकट बदलली आहे, पण पहिल्या वर्षाचा गाभा साधारण तोच आहे.

माझं म्हणणं या गाभ्याविषयी आहे. विषय चांगले निवडलेले आहेत, पण ते एकमेकांना भेटत नाहीत. डिस्क्रीटच्या तासाला इक्विव्हॅलन्स रिलेशनची व्याख्या पाठ होते आणि दुपारी लॅबमध्ये अंकांची बेरीज करणारा प्रोग्रॅम जर्नलात उतरतो. दोन्हीचा संबंध परीक्षेत विचारला जात नाही, म्हणून वर्गातही निघत नाही. कापरेकरांची वजाबाकी हे सगळं एका प्रश्नात आणते, आणि ती सहावीतल्या मुलालाही समजते.

लॅबपासून सुरुवात करू. संख्येला १० ने भागून बाकी घेतली की एककाचा अंक सुटा होतो. भागाकारावर तेच चार वेळा केलं की चारही अंक हातात येतात. त्यांचं सॉर्टिंग, दोन संख्या जुळवणं, वजाबाकी, आणि ६१७४ येईपर्यंत व्हाइल लूप. पहिल्या सत्राच्या विद्यार्थ्याला हे जमतं. मग १००० ही संख्या द्यावी. १००० वजा १, उत्तर ९९९. ज्याने 'अंक संपेपर्यंत भागत राहा' असं लिहिलं असेल त्याला तीनच अंक मिळतात, ९९९ वजा ९९९ शून्य होतं आणि लूप शून्यावर अडकून संपता संपत नाही. खरी वाट ०९९९ ची: ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. डावीकडच्या शून्यालाही इथे किंमत आहे, हे मुलाला स्वतःच्या चुकलेल्या आऊटपुटवरून कळतं. व्याख्यानातून ते तितकं पक्कं बसत नाही.

प्रोग्रॅम दुरुस्त झाला की ०००० ते ९९९९ अशा दहा हजार संख्या तपासता येतात. सारख्या अंकांच्या दहा वगळल्या की ९,९९० उरतात आणि सगळ्या ६१७४ ला पोचतात. निम्मी मुलं इथे थांबतील, कारण उत्तर मिळालं. गणिताच्या शिक्षकाचं काम इथून पुढे सुरू होतं.

१९२८ आणि ८२९१ यांत फरक काय? या क्रियेपुरता काहीच नाही, अंक तेच. तेच अंक असलेल्या संख्या एका गटात टाकल्या की ७०५ गट उरतात. सकाळी पाठ केलेली इक्विव्हॅलन्स रिलेशन ती हीच. आता अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड धरा. वजाबाकी मांडली की हजार-शतकांची गर्दी जाते आणि उरतं एवढंच: ९९९ गुणिले (अ वजा ड) अधिक ९० गुणिले (ब वजा क). १९२८ साठी ९९९ ची आठपट ७९९२, ९० ची सहापट ५४०, बेरीज ८५३२. म्हणजे उत्तर दोनच फरकांवर ठरतं. पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. मोजलं तर ५४ जोड्या. ९,९९० संख्यांचं काम ५४ ओळींवर आलं, आणि ५४ ओळी वहीच्या दोन पानांत हाताने होतात. संगणकाने 'होतं' एवढं सांगितलं होतं. ही दोन पानं स्वतः लिहिणाऱ्या मुलाला बीजगणित कशासाठी असतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

प्रत्येक संख्येपासून तिच्या उत्तराकडे बाण काढला की ग्राफ थिअरीचा डायरेक्टेड ग्राफ तयार होतो. प्रत्येक बिंदूतून एकच बाण निघतो, आणि बिंदू मोजके असल्याने कुठली तरी संख्या कधी तरी पुन्हा यावीच लागते: पिजनहोल प्रिन्सिपल. कापरेकरांनी शोध मांडला ते साल, १९४९, या ग्राफच्या अगदी टोकाला आहे: ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. पूर्ण सात पायऱ्या.

तीन अंकी संख्यांना ४९५ वर थांबा मिळतो आणि त्याची सिद्धता आणखी सोपी, कारण पहिली वजाबाकी ९९ च्या पटीतच येते. पाच अंकांना मात्र असा एकही थांबा नाही. ५३९५५ वरून ५९९९४ येतं आणि त्यावरून परत ५३९५५. दुसऱ्या एका फेऱ्यात ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४ आणि पुन्हा ६१९७४. 'संख्या स्थिर होईपर्यंत चालव' असा प्रोग्रॅम इथे कधीच थांबणार नाही. आलेल्या संख्या लक्षात ठेवून फेरा ओळखायचा, तर अ‍ॅरे कशाला लागतो ते या गरजेतूनच शिकता येतं.

कापरेकरांनी आणखी एका जातीच्या संख्यांना आपल्या गावाचं नाव दिलं. २१ मध्ये तिचेच अंक मिळवले की २४ होतात, म्हणून २१ ही २४ ची जनक. ज्यांना असा जनकच नाही त्या देवळाली संख्या. शंभरापर्यंत त्या तेरा आहेत: १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. वीसपासून अकराची उडी सलग दिसते, आणि पुढची संख्या १०८ आहे. पण अकराची ही उडी १०८ च्या पुढे किती काळ टिकते, कुठे मोडते आणि का मोडते, हा एफ.वाय.च्या विद्यार्थ्याला एका आठवड्यासाठी द्यावा असा प्रश्न आहे: आधी प्रोग्रॅम, मग त्याच वहीत कारण.