पायांची निगा : शस्त्रक्रियेवाचूनचे उपाय

आपल्या साधू-साध्वींचा विहार वर्षातील आठ महिने अनवाणी चालतो. नागपूर-अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) येथून विहार करणाऱ्या संघाबरोबर चार पावले चालले, की तापलेल्या डांबरावर पायांचे काय होते ते समजते. व्यापारी कुटुंबांतील पायांचे दुखणे मात्र वेगळ्या कारणाने येते. दुकानाच्या कडक फरशीवर दिवसभर उभे राहणे, वाढलेले वजन आणि सपाट, झिजलेली चप्पल ही त्याची नेहमीची कारणे होत.

सर्वांत अधिक आढळते ती टाचदुखी. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल असह्य होते, चार पावलांनंतर वेदना ओसरते आणि सायंकाळी पुन्हा डोके वर काढते. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत जाणाऱ्या चिवट पट्टीवर ताण येऊन हे घडते. क्ष-किरण चित्रात टाचेचे हाड वाढलेले दिसताच अनेकजण शस्त्रक्रियेच्या धास्तीने खचतात. वस्तुतः असे वाढलेले हाड वेदना नसलेल्या पुष्कळांच्या टाचेतही असते. बहुतेक रुग्णांना वर्षभराच्या आत साध्या उपायांनी आराम पडतो.

उठण्यापूर्वी पायाची बोटे हाताने स्वतःकडे ओढून दहा सेकंद धरावीत व असे दहा वेळा करावे. भिंतीला हात टेकून, मागील पायाची टाच न उचलता, पोटरी अर्धा मिनिट ताणावी. बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटलीवर तळवा फिरवल्यानेही बरे वाटते. घरात मऊ तळाची चप्पल वापरावी आणि दुकानात उभे राहण्याच्या जागी रबरी चटई घालावी.

टाचांच्या भेगांसाठी पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवून पुसावेत व युरियायुक्त मलम लावावे. कुरूप हे दाबामुळे होते. ते ब्लेडने कापले तरी दाब कायम असेपर्यंत पुन्हा येते, म्हणून आधी पुढून ऐसपैस असलेले पादत्राण घ्यावे. नखे सरळ कापावीत. कोपरे खोल कोरल्यास नख मांसात रुतते.

मधुमेहींची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांच्या पायांची संवेदना हळूहळू कमी होते, त्यामुळे खडा रुतला, चटका बसला तरी कळत नाही. त्यांनी बर्फाचा शेक, पाय फार वेळ भिजवणे, तसेच कुरुपावरील आम्लयुक्त पट्ट्या टाळाव्यात. दुकान वाढवून रोजमेळ जुळवतो, तितक्याच नेमाने रात्री पाय तपासावेत. तळवा दिसत नसेल तर आरसा ठेवावा किंवा घरच्यांना पाहावयास सांगावे. न दुखणारी जखम ही अधिक काळजीची खूण समजावी.

या बाबतीत आपल्या जिल्ह्याला एक जुना वारसा आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे 1936 साली मनोहर दिवाण यांनी कुष्ठरुग्णांची सेवा आरंभिली. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरुग्णांच्या तळव्यावरील जखमा मुख्यतः संवेदना गेलेल्या पायास नकळत होणाऱ्या इजांमुळे होतात. दाब काढून घेतला तर त्या भरून येतात. त्यासाठी प्लास्टरचे आवरण आणि मऊ सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल यांचा उपयोग होऊ लागला. हीच चप्पल आज मधुमेहींनाही सुचवली जाते. तिचा मऊ तळ रबराचा असतो, आणि चामड्याचे पट्टे नसलेली चप्पल मागून घेता येते. त्यामुळे चर्मत्यागाचा नियम पाळणाऱ्या श्रावकांचीही अडचण होत नाही.

आपल्यात काहीजण चातुर्मासात अनवाणी राहण्याचा नियम घेतात. पायांची संवेदना गेलेल्या व्यक्तीने तो घेण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि गुरुमहाराजांना आपली प्रकृती स्पष्ट सांगावी. प्रकृतीनुसार दुसरे पच्चक्खाण घेता येते. मंदिराच्या तापलेल्या फरशीवर दुपारी जाण्याऐवजी अशा व्यक्तींनी पहाटे दर्शन घ्यावे.

पायाला सूज, लाली, दुर्गंधी, काळसर डाग किंवा न भरणारी जखम दिसल्यास घरगुती उपचारांत दिवस दवडू नयेत. आर्वीचे उपजिल्हा रुग्णालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय तत्काळ गाठावे. वेळीच दाखवलेल्या पायावर शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. उशीर केल्यास मात्र बोट, प्रसंगी पाऊलही गमवावे लागते.