स्कॅनर : झिजते काय, टिकते काय

बंगळूर हे आज संगणकांचे शहर म्हणून ओळखले जाते. परंतु त्याचा जुना गाभा आपणा मराठी माणसांना परका वाटू नये असा आहे. 1638 साली विजापूरच्या फौजेने हे शहर घेतले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेथील जुन्या वस्तीला कानडीत 'पेटे' म्हणतात. आपली पेठ ती हीच. या पेठेलगत सादर पत्रप्पा रस्ता आहे. लोकांच्या तोंडी तो 'एस. पी. रोड'. संगणकांच्या आणि विजेच्या उपकरणांच्या सुट्या भागांचा हा मोठा बाजार होय.

याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेने चालू शतकाच्या आरंभी 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या उपक्रमात पुढाकार घेतला. जुनी पुस्तके स्कॅनरवर घेऊन त्यांच्या प्रतिमा जतन करण्याचा तो उद्योग होता आणि त्यात मराठी पुस्तकेही होती. आता अशी कामे लहान वाचनालये, संस्था, किंबहुना हौशी माणसेही आपापल्या परीने करतात. त्यांच्यापाशी एकच यंत्र असते, आणि ते बंद पडले की काम थांबते. कागद मात्र थांबत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर लाकडाच्या लगद्यापासून केलेला पुष्कळसा कागद आम्लामुळे आतून जळत असतो. आज पिवळे दिसणारे पान काही वर्षांनी बोट लागताच तुटते. म्हणून यंत्र थोडक्या खर्चात चालू करता येणे ही केवळ पैशांची बाब नव्हे.

यंत्र बंद पडले म्हणजे ते निकामी झाले, असा आपला समज असतो. वस्तुतः स्कॅनरमध्ये दोन जातींचे भाग असतात : काही झिजण्यासाठीच केलेले आणि काही वर्षानुवर्षे टिकणारे. हा भेद ज्याला कळला त्याची निम्मी दुरुस्ती झाली.

कागद आपोआप ओढून घेणारा स्कॅनर पाहा. वर एक रबरी रोलर गठ्ठ्यातील कागद आत खेचतो. त्याच्यासमोर दुसरी रबरी पट्टी किंवा रोलर मागचा कागद अडवून धरतो. सारी युक्ती घर्षणाच्या तोलात आहे. रोलर कागदाला ज्या जोराने धरतो तो सर्वांत अधिक हवा. पट्टीचा जोर त्याहून कमी. आणि कागदाची कागदाशी असलेली पकड सर्वांत कमी. हा तोल बिघडला की यंत्र आपले दुखणे स्वतःच सांगते. कागद ओढलाच जात नसेल, तर रोलर गुळगुळीत झाला आहे किंवा त्यावर धूळ बसली आहे. दोन कागद एकदम जात असतील, तर पट्टी झिजली आहे.

प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत सरळ रेघ उमटते, तेव्हा पुष्कळजण प्रतिमा टिपणारा सेन्सरच बदलू पाहतात. हे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असे झाले. तेच पान झाकण उघडून मोठ्या काचेवर ठेवून पाहावे. तेथे रेघ नसेल, तर कागद जिच्यावरून सरकतो त्या बाजूच्या अरुंद काचेवर शाईचा किंवा डिंकाचा कण चिकटला आहे. मऊ कापड आणि थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढ्यावर काम भागते. म्हणून पहिला नियम असा : आधी पुसावे, मग तपासावे, आणि शेवटी विकत घ्यावे.

विकत घेण्याची वेळ आली तर जुने घ्यावे की नवे? रबर नेहमी नवे घ्यावे. ते वापराने झिजते आणि वापरावाचून पडून राहिले तरी कडक होते. भंगारातील यंत्राचा रोलर म्हणूनच स्वस्त असूनही महाग पडतो. याउलट मोटर, काच, बिजागरी, झाकण हे भाग त्याच नमुन्याच्या बंद पडलेल्या यंत्रातून खुशाल काढून घ्यावेत. एस. पी. रोडसारख्या बाजाराचा उपयोग येथे होतो. परंतु दुकानी जाताना 'अमुक कंपनीच्या स्कॅनरचा रोलर' एवढेच सांगून चालत नाही. जुना भाग बरोबर न्यावा आणि त्याचा क्रमांक जुळवावा. दिसायला सारखे असलेले दोन रोलर अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने निरुपयोगी ठरतात. रोलर बदलल्यावर यंत्रातील पानांची मोजणी शून्यावर आणावयास विसरू नये. नाहीतर नवा रोलर असूनही यंत्र तक्रार करीत राहते.

यंत्र मुळीच सुरू होत नसेल, तर प्रथम विजेचा अडॅप्टर मीटरने तपासावा. दुसरा घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, धन-ऋण टोके त्याच बाजूंना हवीत आणि अँपिअर तेवढे किंवा अधिक हवेत. येथे चार पैसे वाचवू जाणारा कधी कधी सबंध यंत्र गमावतो. तसेच जुन्या स्कॅनरमधील नळीच्या दिव्यात थोडा पारा असतो व त्याला उच्च दाबाची वीज लागते. ते काम जाणकाराकडेच सोपवावे. आणि दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीपलीकडे जाऊ लागला, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला करण्यात शहाणपण नाही. अशा वेळी ते यंत्र दुसऱ्यासाठी सुट्या भागांचे भांडार म्हणून ठेवावे.

दुरुस्तीचा हा विचार आता सरकारदरबारीही पोचला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' हे संकेतस्थळ सुरू केले. उत्पादकांनी दुरुस्तीची व सुट्या भागांची माहिती ग्राहकांपुढे ठेवावी, हा त्यामागील हेतू.

शेवटी एक सावधगिरी. रोलर कितीही नवा असला, तरी जीर्ण पान त्याच्या तोंडी देऊ नये. ते काचेवर अलगद ठेवावे, किंवा वरून छायाचित्र घेणाऱ्या यंत्राखाली धरावे. यंत्राचा झिजलेला भाग बाजारात मिळतो. फाटलेले पान मात्र कोणत्याही पेठेत मिळत नाही.