वेबसाइट कोणाच्या नावावर?

वसईचा बागायतदार केळी, फुले वा भाजीपाला आडत्याकरवी विकतो, तेव्हा त्याच्या हाती एक पट्टी पडते. माल किती भरला, भाव काय मिळाला, आडत, हमाली व तोलाई किती कापली गेली, हे त्या कागदावर लिहिलेले असते. पट्टीतील आकडे दरवेळी खरेच असतात असे नव्हे. आडत्यांविषयीच्या तक्रारी जुन्या आहेत आणि त्यांपैकी पुष्कळशा रास्तही आहेत. तथापि भांडायचे तर कोणत्या आकड्यावरून, हे निदान त्या पट्टीमुळे ठरते. त्याच तालुक्यात वालीव, सातिवली किंवा गोखिवरे येथील गाळ्यात सुटे भाग बनवणारा लघुउद्योजक आज गिऱ्हाईक मिळवण्यासाठी वेबसाइट आणि इंटरनेटवरील जाहिरात यांचे काम एखाद्या एजन्सीकडे सोपवतो. त्याच्या हाती अशी पट्टी क्वचितच पडते.

हा प्रश्न केवळ कारखानदारांच्या खिशाचा नाही. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि भोवतालच्या काही ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली होती. विरारहून मुंबईकडे लोकल सुटू लागली १८६७ साली. तेव्हापासून येथील सुशिक्षितांच्या उपजीविकेची दिशा बव्हंशी एकच, दक्षिणेची. वेबसाइट बांधणे आणि तिच्याकडे गिऱ्हाईक वळवणे हा त्या नियमाला अपवाद ठरू शकणाऱ्या मोजक्या धंद्यांपैकी एक आहे. नालासोपाऱ्यातील एका खोलीत दोन संगणक आणि तीन होतकरू तरुण एवढ्या भांडवलावर तो सुरू होतो. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना विरार लोकलच्या दारात लोंबकळण्यावाचून दुसरा मार्ग असावा असे ज्यांना वाटते, त्यांनी या धंद्याच्या प्रकृतीकडे लक्ष दिले पाहिजे. ती प्रकृती आज फारशी ठीक नाही.

दुखणे अर्थशास्त्राला परिचित आहे. जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन ते मांडले आणि पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मोटार बरी की खराब हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मधलाच भाव देऊ करतो. त्या भावात चांगली मोटार विकणे परवडत नाही. चांगला विक्रेता बाजारातून निघून जातो आणि खराब मालच उरतो. वेबसाइटची स्थिती याहून अवघड आहे. जुनी मोटार चार दिवसांत आपले गुण दाखवते. वेबसाइटमुळे गिऱ्हाईक आले की ते एरवीही आले असते, हे कारखानदाराला वर्ष उलटल्यावरदेखील सांगता येत नाही. त्यामुळे जो सर्वांत कमी रक्कम सांगेल त्याला तो काम देतो, आणि तेवढ्या रकमेत करणारा दुसऱ्या कोणासाठी केलेले पान नाव बदलून त्याच्या गळ्यात बांधतो.

या बाजारात सर्वाधिक खपणारे आश्वासन म्हणजे ‘गूगलवर पहिला क्रमांक’. तो क्रमांक एजन्सीच्या हातात नसतो. असा क्रमांक मिळवून देण्याची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे स्वतः गूगलच आपल्या मार्गदर्शनात बजावते. पूर्वी काही एजन्स्या इतर संकेतस्थळांवर पैसे देऊन दुवे पेरीत आणि क्रमांक वर चढवीत. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने अशा पेरणीला चाप लावणारा बदल केला, तेव्हा कित्येक संकेतस्थळे शोधाच्या यादीत एकाएकी खाली घसरली. आश्वासन देणाऱ्याने आपली रक्कम तोवर घेतलेली होती. वास्तविक विरारमधील दवाखान्याला किंवा शिकवणीच्या वर्गाला गूगलच्या नकाशावर आपला पत्ता, वेळ व दूरध्वनी क्रमांक नीट नोंदवणे कित्येकदा वेबसाइटहून अधिक उपयोगी पडते, आणि त्या नोंदीला गूगल पैसे घेत नाही. हे गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगणारी एजन्सी एक काम कदाचित गमावील.

जाहिरातीच्या पैशाची कथा वेगळी. शोधाच्या पानावरील जाहिरातीची जागा लिलावाने ठरते. प्रत्येक क्लिकमागे कोण किती देऊ करतो आणि त्याची जाहिरात शोधणाऱ्याच्या कितपत उपयोगाची, यांचा मेळ घालून क्रम लागतो. देय रक्कम साधारणपणे खालच्या प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्यापुरती असते. आता एकाच वसाहतीतील तीन कारखाने एकच वस्तू बनवीत असतील आणि तिघेही एकाच शब्दावर बोली लावीत असतील, तर भाव चढतो. वस्तूचा एकूण खप वाढतोच असे नाही. वाढते ते क्लिकचे मोल, आणि ते लिलाव करणाऱ्या कंपनीकडे जाते. तिघांची बोली लावणारी एजन्सी एकच असली तर तिने कोणाचे हित पाहायचे? वकिलाने वादी आणि प्रतिवादी दोघांचेही वकीलपत्र घेऊ नये, हे आपल्याकडे शिकवावे लागत नाही. तोच संकेत या धंद्यात रूढ झालेला नाही. शिवाय वृत्तपत्रांतील जाहिरातींवर एजन्सीला पंधरा टक्के दलाली देण्याची जी जुनी रीत होती, तिचेच अनुकरण करून येथेही खर्चाच्या टक्केवारीने मेहनताना ठरवला जातो. मालकाचा खर्च जितका अधिक तितकी मुनिमाची कमाई अधिक, अशी व्यवस्था कोणत्याही पेढीवर चालली नसती. ठरीव मासिक रक्कम हा त्याहून सरळ मार्ग आहे.

परंतु खरी गाठ डोमेनपाशी, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यापाशी आहे. हा पत्ता कायमचा विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीसाठी तो नोंदवून घ्यावा लागतो आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. खर्च किरकोळ, बहुधा वर्षाला काहीशे रुपयांपासून हजार-दीड हजारांपर्यंत. नोंदणीच्या दप्तरात ज्याचे नाव आणि ज्याचा ईमेल, त्याच्या हाती किल्ली. सोयीसाठी म्हणा वा हेतुपुरस्सर म्हणा, अनेक एजन्स्या ही नोंदणी स्वतःच्याच नावावर करतात. जाहिरातीचे खाते, पासवर्ड, चौकशी करणाऱ्यांच्या नोंदी हे सारेही मग एजन्सीच्याच दप्तरी राहते. कारखानदार आपल्या खोक्यांवर, पावत्यांवर आणि टेम्पोच्या पाठीवर तो पत्ता छापतो. तीन वर्षांनी एजन्सीशी बिनसले किंवा ती चालवणारा तरुण दुसऱ्या शहरात नोकरीला गेला, की त्याला कळते की पाटी आपली असली तरी ती ज्या खांबावर टांगली तो खांब दुसऱ्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असा निर्वाळा दिला, हे खरे. पण पंधरा कामगारांच्या गाळेवाल्याने हजार रुपयांच्या पत्त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी, ही अपेक्षा करणे सोपे आहे; चढणे सोपे नाही.

एजन्सीचीही बाजू आहे आणि ती ऐकली पाहिजे. गिऱ्हाईक काम करून घेते, दहा वेळा रंग बदलायला लावते आणि शेवटचा हप्ता देताना ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणते. अशा वेळी डोमेन हे एजन्सीच्या हातचे एकमेव तारण असते. या युक्तिवादात तथ्य आहे. मात्र थकबाकीवर इलाज म्हणजे आगाऊ रक्कम व टप्प्याटप्प्याने वसुली; गिऱ्हाइकाची पाटी गहाण ठेवून घेणे हा नव्हे. शिवाय येथे अर्थशास्त्रातीलच दुसरा विचार उपयोगी पडतो. अॅकरलॉफ यांच्याबरोबर पारितोषिकाचे मानकरी ठरलेले मायकेल स्पेन्स यांनी दाखवले, की जी खूण वठवणे खोट्याला परवडत नाही, तीच खऱ्याची ओळख पटवते. गुळगुळीत माहितीपत्रक कोणीही छापू शकतो. ‘डोमेन व सर्व खाती तुमच्याच नावावर, एका महिन्याच्या सूचनेने करार मोडायला तुम्ही मोकळे’ हे लिहून देणे मात्र, गिऱ्हाईक अडकवून जगणाऱ्या एजन्सीला परवडणारे नाही. ज्यांचे काम चांगले आहे त्यांनाच ते परवडते. ज्या शहरात कारखानदार एकमेकांना चहाच्या टपरीवर रोज भेटतात, तेथे अशी अट लिहून देणाऱ्याचे नाव पसरायला जाहिरात लागणार नाही.

विकत घेतलेल्या खोट्या अभिप्रायांचा उल्लेख धावता केला तरी पुरे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये काढलेली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे जाहिरात एजन्सीलाही लागू आहेत, आणि ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक त्याच वर्षी ठरले.

भाषेची बाब मात्र दुर्लक्षिण्याजोगी नाही. येथील दुकानदाराचे गिऱ्हाईक मराठी, हिंदी वा गुजराती बोलते आणि त्याची वेबसाइट उसन्या इंग्रजीत असते; ‘जागतिक दर्जाच्या सेवा’ देणारा हा गृहस्थ पाण्याच्या टाक्या दुरुस्त करतो, हे तिसऱ्या परिच्छेदापर्यंत उमगत नाही. सोपाऱ्याच्या बंदरात अशोकाने शिळेवर लेख कोरवला तो लोकांना कळणाऱ्या प्राकृतात; त्याचा एक तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सापडला. नागरीतील ‘.भारत’ पत्ते २०१४ पासून उपलब्ध आहेत. ते सुचवणे एजन्सीला अवघड नाही.

औद्योगिक वसाहतींतील कारखानदारांच्या संघटना आणि येथील महाविद्यालयांचे वाणिज्य विभाग यांनी मिळून दोन पानांचा नमुना करार मराठीत तयार करणे शक्य आहे. त्यात नोंदणी कोणाच्या नावावर हे पहिल्या कलमात असावे. दरमहा मिळणाऱ्या पट्टीचा नमुना शेवटी जोडलेला असावा: समजा वीस हजार दिले, तर त्यातले गूगलला किती गेले, एजन्सीला किती, क्लिक किती, फोन किती आले आणि त्यांपैकी किती जणांनी भाव विचारला. शेवटचे दोन आकडे एजन्सीला भरता येणार नाहीत; त्यासाठी गाळ्यातील फोनशेजारी वही ठेवून प्रत्येक विचारणाऱ्याला ‘आमचा नंबर कुठून मिळाला?’ एवढे विचारावे लागेल.