धूळ पुसताना जंतू पुसला जाऊ नये



गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ताप आला की मलेरियाची शंका येते. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, जिम्सा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जंतूचे केंद्रक तांबडे दिसते, बाकीचा भाग निळा. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला तर हे चित्र दूरच्या डॉक्टरांनाही पाठवता येते. पण चित्रात असमान उजेड, खोटे ठिपके आणि अंधुकपणा येतो. तो काढायला संगणकावर एकामागून एक फिल्टर, म्हणजे गाळण्या, लावतात. ‘इमेजजे’ या मोफत प्रणालीत त्या मिळतात.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी सगळीकडचा उजेड सारखा करावा. मग खोटे ठिपके काढणारी मध्यक गाळणी लावावी. ती प्रत्येक बिंदूभोवतीचे धरून नऊ बिंदूंचे आकडे चढत्या क्रमाने लावते आणि मधला घेते. समजा आकडे ११८, ११९, ११९, १२०, १२०, १२१, १२१, १२२ आणि २५० आहेत. २५० हा खोटा ठिपका. सरासरी काढली तर १३४ येते, म्हणजे डाग पसरतो; मधला आकडा १२०, म्हणजे डाग जातो. त्यानंतरच कडा ठळक कराव्यात. हे आधी केले तर डागच ठळक होतो आणि त्याभोवती वलय उमटते. मलेरियाचा कोवळा जंतूही वलयासारखाच दिसतो! चित्र निव्वळ काळे-पांढरे करायचे असेल तर ते अगदी शेवटी, कारण त्यात गेलेल्या छटा परत येत नाहीत.

क्रम बरोबर असूनही धोका उरतोच. तांबडी पेशी सुमारे सात-आठ मायक्रॉन रुंद असते. चित्रात ती सात-आठ बिंदूंतच मावली, तर जंतूचे केंद्रक जेमतेम एका बिंदूएवढे उरते. गाळणी त्यालाही धूळ समजून पुसते, आणि आजारी लेकरू निरोगी ठरते.

प्रभूने सांगितलेला निदणाचा दृष्टांत आठवा. निदण उपटताना गहूही उपटला जाईल, म्हणून धन्याने चाकरांना थांबवले. तसेच इथे. मूळ चित्र कधीही पुसू नये, कोणत्या गाळण्या कोणत्या क्रमाने लावल्या ते लिहून ठेवावे, आणि निदान करणाऱ्याने मूळ चित्रही पाहावे. शंका उरलीच तर काचपट्टी पुन्हा तपासावी.

पाड्यापाड्यांवर रक्त तपासणाऱ्या भावाबहिणींच्या डोळ्यांसाठी आणि धीरासाठी प्रार्थना करा.