बनियनचं मूळ वाण्याच्या घरी

दुकानात जाऊन आपण सहज म्हणतो, ‘८५चं बनियन द्या, बिनबाह्यांचं.’ शब्द इंग्रजी, अशी आपली खात्रीच असते. पण लंडनच्या दुकानात बनियन मागून बघा. समोरचा नुसता बघत राहील. तिकडे त्याला ‘वेस्ट’ म्हणतात.

बनियन आलं वाण्याकडून. संस्कृत ‘वणिज्’चा मराठीत वाणी झाला, गुजरातीत वाणियो. या गुजराती व्यापाऱ्यांना पोर्तुगीज ‘बनियान’ म्हणू लागले आणि इंग्रजांनी तो शब्द उचलला. वाण्यांच्या अंगातल्या सैल, हलक्या कपड्यालाही मग तेच नाव पडलं. अठराव्या शतकात इंग्लंडातले शौकीन घरात ‘बनियान’ घालून बसत, तो मात्र चांगला घोळदार झगा असे. १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात तो आतून घालायचा सदरा झालेला दिसतो: आधी मलमलीचा, पुढे ताणल्या जाणाऱ्या विणीचा. इंग्रजीत वडालाही ‘बनियन’च म्हणतात, कारण इराणच्या किनाऱ्यावर वाण्यांनी एका वडाखाली देऊळ थाटलं होतं. आपलाच वाणी साहेबाकडे जाऊन अंगाला चिकटून परत आला!

गंजीफ्रॉकमधला फ्रॉक मुलींचा नव्हे, खलाशांचा. इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटाच्या नावाने ओळखला जाणारा विणलेला सदरा म्हणजे ‘गर्न्सी फ्रॉक’. आपल्या जिभेवर गर्न्सीची गंजी झाली.

‘ब्रा’चा ‘ब्रेस्ट’शी संबंध लावतात, तो चूक. फ्रेंच ‘ब्रा’ म्हणजे बाहू, त्यावरून ‘ब्रासिएर’. गंमत अशी, की आजच्या फ्रेंचमध्ये ब्रासिएर हे तान्ह्या बाळाचं झबलंही असतं.

शाळेतली खाकी निकर तर थेट पुस्तकातून आली. १८०९ साली वॉशिंग्टन अर्व्हिंगने ‘निकरबॉकर’ या खोट्या नावाने न्यूयॉर्कचा विनोदी इतिहास लिहिला. त्याच्या इंग्लंडमधल्या आवृत्तीच्या चित्रांत डच लोक गुडघ्यापर्यंतच्या ढगळ विजारी घालून होते. विजारींना लेखकाचं नाव चिकटलं.

आता आपलं कौपीन. बैराग्याच्या कमरेचं, म्हणून शब्दही पवित्र असणार असं वाटतं. पाणिनीच्या सूत्रात मात्र कौपीन म्हणजे करू नये ते कृत्य. वैयाकरण फोड करतात: कूपात, म्हणजे विहिरीत, टाकण्याच्या लायकीचं ते कौपीन. आधी पाप, मग त्याचं साधन म्हणून झाकायचं अंग आणि सगळ्यात शेवटी ते झाकणारी चिंधी.