पाटीमागचं आभाळ

गोंदियाच्या गोरेलाल चौकात उभं राहून मान वर करा. दुकानांच्या पाट्या, त्यांच्या वर फ्लेक्स, आणि मधल्या फटींतून दिसणारं आभाळ. अशा आभाळाचीही कायद्यात दखल आहे, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात कलम 328 आहे, 'आकाशचिन्हां'बद्दलचं. इमारतीवर उभारलेली जी जाहिरात रस्त्यावरच्या कुठल्याही जागेवरून पाहताना आभाळासमोर दिसते, ती आकाशचिन्ह. जाहिरातीचा फुगा सोडला तरी तो त्यातच मोडतो! लंडनने अशा पाट्यांना 1891 साली कायदा करून आवर घातला होता. पुणे महापालिकेत तर 'आकाशचिन्ह व परवाना विभाग' नावाचं खातंच आहे. किती सुंदर शब्द आहे हा!

सगळं मर्म त्या व्याख्येतच आहे. दुकान मालकाचं असतं, पण पाटी टांगली जाते ती सगळ्यांच्या हवेत, सगळ्यांच्या डोक्यावर.

ही हवा काय करू शकते ते पाहा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. 10 फूट लांब आणि 4 फूट उंच अशी साधी पाटी घ्या. ताशी 45 किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर साधारण 35 किलोंचा रेटा येतो. मे महिन्यातल्या वादळात वारा ताशी 90 वर गेला, की तोच रेटा 140 किलोंच्या घरात जातो. राईस मिलच्या या गावात कुणालाही समजेल असं सांगायचं तर 50 किलोंच्या तांदळाच्या जवळपास तीन कट्ट्यांचा भार, तोही आडवा. आणि तो पेलायचा कुणी? भिंतीत ठोकलेल्या चार-सहा बोल्टांनी.

13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपरला असंच वादळ आलं आणि पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं. 17 माणसं गेली. परवानगीची कमाल मर्यादा 40 फूट बाय 40 फुटांची. हे होर्डिंग 120 बाय 120 च्या आसपासचं. बाजू तिप्पट म्हणजे क्षेत्रफळ नऊपट, आणि वाऱ्याचा रेटाही किमान नऊपट. नियमातले ते रुक्ष आकडे मला तेव्हापासून रुक्ष वाटत नाहीत.

डोळ्यांचंही गणित आहे. ताशी 40 च्या वेगाने जाणारी मोटारसायकल सेकंदाला 11 मीटर पुढे जाते. झगमगत्या पाटीकडे दोन सेकंद पाहिलं, की 22 मीटर रस्ता न पाहताच मागे पडला.

आणि भाषा? दुकानांच्या कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही. 25 सप्टेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. मुंबईत हा प्रश्न रोमन की देवनागरी असा दिसला. पण गोंदियाच्या एका अंगाला बालाघाट, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड, दोन्ही हिंदी मुलूख. आणि हिंदीही देवनागरीतच लिहिली जाते. 'किराणा' दोन्ही भाषांत किराणाच. पुढे हिंदी 'भंडार' लिहिते, मराठी सहसा 'भांडार'. दोन भाषांची सीमा इथे एका कान्याएवढी बारीक होते, आणि ती रंगवणाऱ्याच्या कुंचल्याच्या टोकावर असते.