हातोडीच्या ठोक्यावर पायाची पारख



बांधकामावर तयार पाइलच्या माथ्यावर छोट्या हातोडीनं ठोके मारताना पाहून “हा काय पोरखेळ?” असं पुष्कळजण विचारतात. म्हणून हा खुलासा आम्ही करीत आहोत.

बॉयलर, चिमणी, मिल हाऊस यांचा बोजा काळ्या मातीला पेलत नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून जमिनीत खोल भोक पाडून, सळयांचा पिंजरा सोडून त्यात काँक्रीट ओततात आणि भार खाली मुरूम-खडकावर नेतात. हा पुरलेला खांब म्हणजे पाइल. पण ओतल्यावर तो कुणालाच दिसत नाही. भोकाची बाजू ढासळली, किंवा काँक्रीट सोडण्याचा पाइप घाईनं वर ओढला, तर खांब मध्येच बारीक होतो, नाहीतर आत माती अडकते. वरून माथा मात्र ठणठणीत! अन् बिल माथा बघून निघालं, तर पैसा जातो तो तुमच्या-आमच्या भागभांडवलातला.

मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसंच हे. माथ्यावरचं कच्चं काँक्रीट तासून काढतात, मेणासारख्या लेपानं एक लहान यंत्र चिकटवतात आणि ठोका देतात. ठोक्याची लाट खाली जाऊन तळावरून परतते, विहिरीत दिलेल्या हाकेसारखी. चांगल्या काँक्रीटमधून ती सेकंदाला सुमारे ४००० मीटर धावते. खांब १२ मीटरचा असेल तर जाऊन-येऊन २४ मीटर, म्हणजे सेकंदाचे फक्त ६ हजारांश. ३ हजारांशातच लाट परतली, तर ६ मीटरवर काहीतरी गडबड आहे असं समजावं. तिथं खांब बारीक झालाय की फुगलाय, हे आलेख कोणत्या बाजूला वळतो त्यावरून कळतं. अर्थात मातीचा थर बदलला तरी आलेख हलतो. म्हणून शेजारच्या पाइलचे आलेख आणि भोक पाडतानाची नोंदवही शेजारी ठेवूनच निदान करावं लागतं. भारतीय मानक आय. एस. १४८९३ यात या चाचणीची पद्धत दिलेली आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खांब किती टन पेलेल, हे या चाचणीतून कळत नाही. त्याला भार-चाचणीच हवी. हा कागद दाखवून ती टाळा असं कुणी म्हणालं, तर ऐकू नये. फार लांब, सडपातळ खांबात लाट वाटेतच विरते. वर मोठा दोष असला, तर त्याखालचं दिसत नाही. तळाशी गाळ राहिलाय का, याचाही भरवसा देता येत नाही.

पाइल कॅप ओतल्यावर माथा झाकला जातो, म्हणून अहवाल हाती आल्याशिवाय ती ओतू नये. संशय वरच्या भागात असेल तर उकरून बघता येतं. खोल असेल तर आरपार छिद्र पाडून काँक्रीटचा नमुना काढतात, नाहीतर बाजूला जादा पाइल घेतात. या जादा कामाचा खर्च ठेकेदारानं सोसायचा की कारखान्यानं, हे निविदेतच लिहून घ्यावं लागतं.